पिंड संशोधकाचा आहे काय?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे निकाल लागले की गोमंतकातील अनेक घरांत एकच खल सुरू होतो. मुलाने वा मुलीने नोकरी धरावी, की 'गेट'ची परीक्षा देऊन संशोधनाकडे वळावे? गोव्यात १९६७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, २०१० साली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आली आणि २०१६ पासून भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे वर्गही फर्मागुढीस भरू लागले. डॉक्टरेटची वाट आता आपल्या अंगणातून जाते. पण वाट जवळ आली म्हणून प्रत्येकाने ती धरावीच असे नाही. हा विवेक अलीकडे सुटत चालला आहे, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे हा निर्णय बहुधा गुणपत्रिकेवरून होतो. मुलगा हुशार, म्हणून संशोधन. किंवा मनाजोगती नोकरी मिळाली नाही, म्हणून संशोधन. दोन्ही कारणे सारखीच फसवी आहेत. परीक्षेतील प्रश्नाला उत्तर असते आणि ते तीन तासांत लिहिता येते. संशोधनातील प्रश्नाला उत्तर आहे की नाही, हेच आरंभी ठाऊक नसते.

ट्रॉम्बेच्या 'ध्रुव' अणुभट्टीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. तिच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते डॉ. अनिल काकोडकर हे गोवा मुक्तिलढ्यातील एक अग्रणी पुरुषोत्तम काकोडकर यांचे सुपुत्र. ऑगस्ट १९८५ मध्ये ही भट्टी प्रथम कार्यान्वित झाली. पण आतील इंधनाच्या जुड्या प्रवाहाच्या जोराने थरथरू लागल्या. शंभर मेगावॉटची पूर्ण शक्ती गाठण्यास जानेवारी १९८८ उजाडला. जवळजवळ अडीच वर्षे कंप मोजणे, रचना बदलणे, पुन्हा चाचणी घेणे हेच काम चालले होते. अशा काळात बुद्धी तर लागतेच. परंतु माणसाला तगवून धरतो तो त्याचा स्वभाव.

म्हणून विद्यार्थ्याने स्वतःलाच काही प्रश्न विचारावेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात यंत्र चालेनासे झाले, तेव्हा आपण दुसऱ्या दिवशी आपणहून प्रयोगशाळेत गेलो, की मार्गदर्शकाच्या बोलावण्याची वाट पाहिली? अपेक्षेविरुद्ध आलेला आकडा वहीत तसाच लिहिला, की सोयीने वगळला? कोणी शाबासकी देणार नाही अशा कामात सहा महिने मन रमेल काय? आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अभियांत्रिकीतील संशोधकाला कल्पना सुचून भागत नाही. ती लोखंडात, सिमेंटात वा तारांत उतरून परवडणाऱ्या खर्चात पुन:पुन्हा चालली पाहिजे. नुसत्या चिंतनात रमणाऱ्याला ही कटकट वाटेल आणि रोज संध्याकाळी काम पुरे झालेले पाहू इच्छिणाऱ्याला ती शिक्षा वाटेल.

व्यवहारही डोळ्यांआड करून चालणार नाही. केंद्र सरकारची कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. छात्रवृत्तीवरच ऐन उमेदीची चार-पाच वर्षे काढायची असतात. घरचा भार ज्याच्या खांद्यावर आहे, त्याने घरच्यांशी आधीच मोकळेपणाने बोलावे. शक्य असल्यास एखादी उन्हाळी सुटी प्रयोगशाळेत काढून पाहावी. दोन महिन्यांत स्वतःची जी ओळख पटते, ती कोणतीही गुणपत्रिका करून देत नाही.

आपला पिंड संशोधकाचा नाही, असे कळून आले तर त्यात कमीपणा कसला? पूल बांधणारा, वीज अखंड ठेवणारा, कारखाना चालविणारा अभियंताही समाजाचे तितकेच मोठे ऋण फेडीत असतो. उलट, मनाविरुद्ध मिळविलेली पदवी भिंतीवर शोभते आणि माणूस आतून खंगतो. पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे : शेजारच्या मुलाकडे पाहून आपल्या मुलाची वाट ठरवू नका. आणि ज्याला फसलेला प्रयोग रात्री झोपू देत नाही, त्याला मात्र पगाराच्या आकड्यासाठी अडवू नका. अशी मुले थोडी असतात आणि देशाला त्यांची फार गरज आहे.