साठातले वीस

सकाळी 7.10
गाडी आली. ड्रायव्हर आणि वॉर्डातले मामा शिशाचं भांडं दोघांनी मिळून ट्रॉलीवर ठेवतात. आत अंगठ्याएवढी बाटली, रात्रीतून सायक्लोट्रॉनवर बनवलेली किरणोत्सारी साखर. तंत्रज्ञ ताई बाटली चिमट्याने उचलून मोजतात. 60 मिलिक्युरी. आज चार पेशंट, प्रत्येकी 5. म्हणजे लागणार 20, मागवले 60. कारण यातलं फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. वाया जाणाऱ्याचेही पैसे मोजायचेच.

7.30
पहिल्या मावशी सोलापूरकडच्या. गर्भाशयमुखाचा कॅन्सर. कालच्या रात्रीपासून पोटात फक्त पाणी. रक्तातली साखर 112, चालेल. बांगडीत चार सेफ्टी पिना अडकवलेल्या. ताई एकेक काढून पाकिटात टाकतात. आतल्या पेट-एमआरआय यंत्राचा चुंबक 3 टेस्लाचा आहे आणि तो रात्रीही बंद होत नाही.

सगळं बोलणं ताई सुई टोचायच्या आधी उरकतात. आवाज होईल, भीती वाटली तर हातातला रबरी फुगा दाबा, तासभर पडून राहा. टंगस्टनचं जाड कवच घातलेली सिरिंज, वीस सेकंद, आणि ताई दाराबाहेर. आता मावशींच्याच अंगातून किरण निघणार. मायेने हात धरून बसावंसं वाटलं तरी बसता येत नाही. दिवसाला चार, वर्षाला किती, याचा हिशोब छातीवरचा बॅज ठेवतो.

बाहेर मुलगी बसली आहे. टॅक्सीला 140 गेले, आजची 350 रुपयांची मजुरी बुडाली.

8.40
मावशी आत गेल्या आणि पाचव्या मिनिटाला फुगा दाबला. बाहेर काढलं. घाम फुटलेला. ताई दोन मीटरवरून समजावतात. "मावशी, गावची पिठाची गिरणी समजा."
"गिरणी मधेच थांबते तरी, बाई."
डोळ्यांवर टॉवेल ठेवला. पुन्हा आत जाईपर्यंत 50 मिनिटं गेली. दुसऱ्या पेशंटला सुई आधीच देऊन झाली आहे.

10.00
पडद्यावर चित्र उमटतं. एमआरआय गाठीची कड दाखवतो, पेट तिची भूक. एकाच वेळी, एकाच पलंगावर. हे सोपं नव्हतं. पेटच्या प्रकाश टिपणाऱ्या जुन्या नळ्या चुंबकाजवळ चालत नाहीत. अर्धवाहकाचे डिटेक्टर आले तेव्हा कुठे जमलं. पूर्ण शरीराचं असं जोडयंत्र म्युनिकमध्ये 2010 च्या अखेरीस बसलं.

हाडं अजून त्रास देतात. किरण हाडातून जाताना किती अडतात ते कळल्याशिवाय पेटचा आकडा खरा येत नाही. सीटीला हाड लख्ख दिसतं. एमआरआयला कठीण हाड हवेसारखंच काळं. ते अंदाजाने भरून घ्यावं लागतं. कमरेच्या हाडाजवळचा एक ठिपका ताई तीनदा मोठा करून बघतात, मग डॉक्टरांना फोन लावतात.

10.30
मावशी पाकीट उघडून पिना मोजतात. चार. परत बांगडीत.

दुपारी 12.05
सकाळच्या त्या 50 मिनिटांमुळे तिसऱ्याला सुई उशिरा गेली, त्यामुळे चौथ्याच्या वाट्याला बाटलीत उरले 3.9. वेळेवर झालं असतं तर साडेसहा उरले असते. पुन्हा मागवायचं तर खर्च, आणि हा माणूस रात्रीपासून उपाशी. डॉक्टर म्हणाले, द्या. डोस कमी असला की मोजणी जास्त वेळ करायची, आणि एमआरआयला वेळ लागतोच. या यंत्राचा संथपणा इथे कामी आला.

2.30
ताईंचा डबा. पोळी गार झालेली.

5.00
आजच्या सिरिंजा शिशाच्या डब्यात बंद. कालच्या डब्यावर मीटर धरला. काटा हलत नाही. मामा कंत्राटी, दिवसाचे सहाशे. ते हातमोजे चढवतात आणि कालची पिशवी उचलून जिना उतरू लागतात.