पेरणीआधीचं रान

रानडुकरं पिकात शिरतात पावसाळ्यात, पण त्यांची सोय उन्हाळ्यातच झालेली असते. मोताळा-मलकापूरकडे पहिल्या पावसावर मका टोकला, की दोन-तीन रात्रींत कळप वावरात उतरतो. मादी नाकाने माती उलथत तास धरून चालते आणि दडलेला दाणा बरोबर उचलते. सकाळी धुऱ्यावर उभं राहिलं, की तासांच्या जागी नुसते खड्डे दिसतात. पावसाने दगा दिला तर दुबार पेरणीची बातमी होते. डुकरांनी लादलेली दुबार पेरणी शेतकरी निमूटपणे उरकतो. पुढे मका दुधात आला की पुन्हा तेच, भुईमूग भरला की तेच, थंडीत हरभऱ्याला घाटे धरले की तेच. या सगळ्या काळात पारावर दुसरा विषय नसतो. मार्च उजाडला, वावरं मोकळी झाली, की डुक्कर बोलण्यातून जातं. माझं म्हणणं असं, की मार्च ते मे हे तीन महिनेच खऱ्या कामाचे आहेत आणि तेच आपण वाया घालवतो.

बुलढाण्याचा माणूस आपल्या जिल्ह्याचे दोन भाग करतो: घाटावर आणि घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेची ही पायरी. वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. खाली पूर्णेचं काळं खोरं आणि त्याच्या उत्तरेला सातपुडा. बुलढाण्याहून खामगावला जाताना बोथ्याचा घाट ज्या जंगलातून उतरतो, ते ज्ञानगंगा अभयारण्य. १९९७ साली जाहीर झालेलं, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं, अस्वलांसाठी आणि बिबट्यांसाठी ओळखलं जाणारं. संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या अंगाला अंबाबरवा अभयारण्य आहे. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. लोणारच्या विवराभोवती जेमतेम पावणेचार चौरस किलोमीटरचं तिसरं.

पण डुकरं याच जंगलांतून येतात, असं धरून चाललो तर निम्मं चित्र सुटतं. अभयारण्यापासून कितीतरी लांबच्या गावांतही ती आहेत, कारण दिवसा लपायला त्यांना जंगल लागत नाही, झुडूप लागतं. ओढ्या-नाल्यांच्या काठी माजलेली वेडी बाभूळ, तलावाच्या बुडीत क्षेत्रातलं बेशरमीचं रान, भाऊबंदकीच्या वादात वर्षानुवर्षं पडीक राहिलेलं शेत, गावाची ई-क्लास जमीन. डुकराला दिवस काढायला एवढं पुरतं. रात्री पन्नास पावलांवर तुरीचं वावर असतं.

ई-क्लासबद्दल थोडं सांगायला हवं, कारण वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला हा शब्द परका वाटेल. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातल्या सरकारी रानांची वर्गवारी झाली. लाकडासाठी वेगळं रान, गवतासाठी वेगळं, आणि गावाच्या गुरांना चरायला ठेवलेली जमीन ती ई-क्लास. माळ जिवंत राहतो तो वापरामुळे. गुरं फिरत होती, गवत वेळेवर कापलं जात होतं, काटेरी झाड सरपणाला तुटत होतं, तोवर या जमिनी उघड्या होत्या. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या घटल्या, चुलीवर गॅस आला. काही ई-क्लास अतिक्रमणात गेली, उरलेल्या बऱ्याच जमिनीवर बाभूळ चढली. गावाने रानाकडे पाठ फिरवली आणि त्या जागेत डुकरांनी घर केलं.

त्यांचं घर वाढतंही झपाट्याने. मादी वर्षभरात वयात येते, गाभण राहिली की चार महिन्यांच्या आत विते आणि एका वेळी चार-सहा पिलं सहज देते. व्यायच्या आधी गवत तोडून, रचून ती स्वतः गादी तयार करते. पिलावळ वर्षभर दिसली तरी पावसाळ्याच्या आगेमागे जास्त, म्हणजे शेतात खायला असतं त्याच सुमाराला. वाघ मोठं डुक्कर मारतो, बिबट्या पिलं उचलतो. पण नाल्याकाठच्या बाभळीत दोघेही सहसा नसतात. अशा ठिकाणी मोठ्या डुकराला माणसाखेरीज फारसा वैरी उरत नाही, आणि माणसाचे हात कायद्याने बांधलेले आहेत.

ते बांधलेले असण्याला कारण आहे, आणि १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा नसता तर आज आपल्याकडे काय उरलं असतं याची कल्पनाही करवत नाही. रानडुक्कर आधी या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होतं. २०२२च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३पासून, ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. कायद्याच्या लेखी 'शिकार' म्हणजे केवळ मारणं नाही. पकडणं, फास लावणं, सापळा रचणं हेही शिकारीतच मोडतं. मात्र कलम ११ असं सांगतं, की प्राणी उभ्या पिकासकट मालमत्तेला धोका ठरत असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्राने २०१५ साली रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर यांच्यासाठी या परवानगीची पद्धत ठरवून दिली. चंद्रपूर जिल्ह्यात त्यानुसार डुकरं मारली गेली तेव्हा, २०१६ साली, मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर या दोन केंद्रीय मंत्र्यांमध्ये जाहीर वाद झाला. त्याच सुमारास केंद्राने उत्तराखंडच्या काही जिल्ह्यांत रानडुकराला ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी ठरवलं होतं. केरळने २०२२मध्ये वेगळी वाट धरली: परवानगीचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवला.

कागदावर वाट आहे. वावरात मात्र ती संपते. परवाना मिळाला तरी बंदूक कोणाकडे आहे? रात्रीच्या अंधारात, माणसाच्या उंचीच्या तुरीत, शेजारच्या वावरात कोणी जागलीला बसलेलं असताना गोळी झाडायची कशी? आणि एखादं डुक्कर पडलं तरी उरलेला कळप त्या आवाजाने शहाणा होतो. तो परत येतो, फक्त दुसऱ्या वेळी आणि दुसऱ्या बाजूने.

म्हणून शेतकरी आपल्यापरीने लढतो. मचाणावर जागल, फटाके, धुऱ्यावर बांधलेल्या जुन्या साड्या, आणि आता झटका मशीन. हे यंत्र बॅटरीवर किंवा सौर पट्टीवर चालतं आणि तारेत क्षणभराचा झटका ठरावीक अंतराने सोडतं. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. त्यासाठी शासनाचं अनुदानही आहे. पण डुक्कर खालून घुसतं, त्यामुळे सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरच वर हवी, आणि तिला गवताचं पातं टेकलं तरी झटका जमिनीत उतरून जातो. पावसाळ्यात हे गवत आठवड्यात तारेला भिडतं. कुंपणाची पट्टी उन्हाळ्यातच खरवडून साफ केली, खांब सरळ केले, तरच पहिल्या पावसात यंत्र कामाला येतं.

ज्याला हेही जमत नाही, तो कधी कधी वाईट मार्गाला लागतो. थेट विजेच्या खांबावरून आकडा टाकून तारेत प्रवाह सोडतो, किंवा कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतो. या तारेला कोण चिकटेल याचा नेम नसतो. एप्रिल २०१७मध्ये नागभीड भागात 'श्रीनिवास' नावाचा वाघ अशाच तारेने गेला. माणसं जातात, बैल जातात. मोटारसायकलच्या क्लच वायरचा फासही तसाच आंधळा. टिपेश्वरच्या जंगलात गळ्यात तार रुतलेले वाघ दिसले आहेत, आणि टिपेश्वरचं बुलढाण्याशी जवळचं नातं आहे. तिथे जन्मलेला एक तरुण वाघ जून २०१९मध्ये घर सोडून निघाला, महाराष्ट्र आणि तेलंगणातून हजाराहून जास्त किलोमीटर चालला आणि डिसेंबरात ज्ञानगंगेत येऊन स्थिरावला. गळ्यातल्या रेडिओ पट्ट्यामुळे त्याचं प्रत्येक पाऊल नोंदलं गेलं. वाघीण इथे नव्हती. पण खायला होतं, रोही होते, डुकरं होती. शेतकऱ्याला जे नको आहे त्याच्याच आधारावर वाघ इथे टिकू शकला. या गुंत्याला साधं उत्तर नाही, आणि 'सगळी डुकरं मारा' हे तर नाहीच.

डुक्कर कसं पकडायचं हे ज्यांना ठाऊक होतं, ती माणसं याच मुलखात राहतात. फासेपारधी. तातीचे आणि चामड्याचे फास जमिनीलगत ओळीने रोवायचे आणि जनावर तिकडे वळवायचं. शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने काळविटाजवळ जायचं. पायवाट, विष्ठा, अंग घासलेलं खोड पाहून कळपात माद्या किती, पिलं किती, कालची वाट कोणती हे सांगायचं. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या जातीजमातींवरच्या ग्रंथात या कसबाचं वर्णन आहे, आणि वऱ्हाडातल्या टाकणकरांचंही. हे पारध्यांचेच भाईबंद, गावोगाव हिंडून जात्याला टाकी लावून देणारे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया पारध्यांवर पडली. तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला तरी संशय गेला नाही. पुढे १९७२च्या कायद्याने त्यांचं पोटच गुन्ह्यात जमा केलं. वन्यप्राण्यांसाठी तो कायदा आवश्यक होता, पण त्या माणसांच्या हातातल्या विद्येचं काय करायचं याचा विचार कोणी केला नाही. हा अन्याय मला बोचतो, कारण त्यात शेतकऱ्याचंही नुकसान झालं आहे.

शेजारच्या अकोला-वाशिम भागात या विद्येला दुसरी वाट मिळाल्याचं उदाहरण आहे. कारंजा लाडच्या 'संवेदना' संस्थेबरोबर काही फासेपारधी वस्त्यांनी माळरानं राखायला घेतली: आग लागू द्यायची नाही, चराई आवरायची, शिकार करायची नाही. गवत उभं राहिलं तर तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याला विणीला जागा मिळते. पिढ्यान्‌पिढ्या त्या पक्ष्याच्या मागावर असणाऱ्यांनाच त्याची जागा अचूक माहीत होती. जे तणमोराच्या बाबतीत घडलं, ते डुकराच्या बाबतीत का घडू नये?

अख्खा कळप कोंडून पकडण्याची पद्धत जगात तपासलेली आहे. अमेरिकेत डुक्कर मूळचं नाही. एर्नांदो दे सोतोच्या मोहिमेने १५३९मध्ये फ्लोरिडात डुकरं नेली, आणि आज तिथल्या अनेक राज्यांत ती मोठी डोकेदुखी आहे. तिथे शिकारीची रानं बाळगणारे जमीनदार बिगर-हंगामात रानाची डागडुजी करतात आणि त्याच दिवसांत सापळे लावतात. बंदुकीने एकेक टिपून संख्या घटत नाही, हे त्यांना कळून चुकलं आहे. ते जाळीचा गोल कोंडवाडा उभा करतात; गोल अशासाठी, की कोपरा असला तर घाबरलेली डुकरं तिथे एकमेकांवर चढून बाहेर पडतात. दार उघडं ठेवून दिवसेंदिवस आत भिजवलेला मका टाकत राहायचं. कॅमेऱ्यात अख्खा कळप, शेवटच्या पिलासकट, आत येताना दिसला की मगच दार पाडायचं. घाई करून अर्धा कळप पकडला, तर बाहेर राहिलेली मादी पुन्हा कुठल्याच कोंडवाड्याजवळ फिरकत नाही.

हे बुलढाण्यात उन्हाळ्यातच जमेल. एप्रिल-मे महिन्यांत वावरं रिकामी, नाले कोरडे. डुकराला घाम गाळून अंग थंड करता येत नाही, त्याला चिखल लागतोच. त्यामुळे कळप मोजक्या डबक्यांना आणि तलावांच्या काठांना बांधलेले असतात. भुकेलं जनावर आमिषाला येतं. पावसाळ्यात चहूकडे हिरवं असताना भिजवलेल्या मक्याकडे ते कशाला बघेल? शिवाय गोल कोंडवाड्यात चुकून दुसरं जनावर आलं तर जिवंत सोडून देता येतं, हा फासापेक्षा मोठा गुण. पकडलेली डुकरं नेऊन दुसऱ्या रानात सोडणं मात्र मला पटत नाही. ती तिथल्या शेतात शिरतील, आणि २०२०पासून देशात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर बरोबर नेण्याचा धोका वेगळाच. कलम ११खाली मारलेलं किंवा पकडलेलं जनावर सरकारच्या मालकीचं ठरतं, तेव्हा पुढचा निर्णयही वनखात्याने उघडपणे, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली घ्यायला हवा.

पकडण्याइतकंच महत्त्व रानाच्या निगेला आहे. वनखात्यात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात; त्याआधी जाळरेषा काढल्या जातात, मग पाणवठे भरत राहावं लागतं. जंगलात पाणी आणि गवत असलं तर रोही-डुकरांना खाली उतरण्याची ओढ कमी होते. मेळघाटात पुनर्वसन झालेल्या गावांच्या जुन्या शेतजमिनींवर कुरणं उभी राहिली, त्यात गवतांचे अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांचं काम मोलाचं आहे. तण फुलावर येण्याआधी उपटायचं, पवन्या, मारवेल यांसारख्या चांगल्या गवतांना जागा करून द्यायची, हे काम साधं वाटतं, पण वर्षानुवर्षं करावं लागतं. अभयारण्याच्या आत हे होतं. बाहेरच्या नाल्याला आणि ई-क्लासला कोणी वाली नाही. वेडी बाभूळ नुसती तोडली तर बुंध्यातून दुपटीने फुटते. ती मुळासकट काढून तिथे गवत धरावं लागतं. रोजगार हमीतून हे होऊ शकतं, आणि ग्रामपंचायतीला गवताचं उत्पन्नही मिळेल.

भरपाई असू नये असं नाही. पण पंचनाम्यात डोळ्याला दिसतं तेवढंच नुकसान मोजलं जातं. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबाच्या पश्चिम कडेच्या गावांत केलेला अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. नजरेने केलेला अंदाज खऱ्या नुकसानीपेक्षा बराच कमी भरतो, असं त्यातून दिसलं. जागलीच्या रात्री, डुकराच्या भीतीने सोडून दिलेला भुईमूग, हे कोणत्या रकान्यात लिहायचं? नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने वन्यप्राण्यांमुळे होणारं नुकसान २०२६च्या खरिपापासून पीक विम्यात घेण्याचं जाहीर केलं. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे हे राज्यांनी अधिसूचित करायचं आहे, आणि शेतकऱ्याने ७२ तासांत ॲपवर छायाचित्रासह कळवायचं आहे. त्याने दिलासा मिळेल, डुक्कर कमी होणार नाही.

सुरुवात ज्ञानगंगेच्या भोवतालच्या पाच-सहा गावांतून करता येईल. वनखात्याने परवानगी आणि जाळी द्यावी, कळप ओळखण्याचं आणि आमिषाचं काम पारधी कुटुंबांना पगारी द्यावं, नाल्याची पट्टी ग्रामपंचायतीने साफ करावी. जाळरेषांचं काम फेब्रुवारीच्या मध्याआधी संपतं. कोंडवाड्याची लेखी परवानगी त्याच सुमाराला गावाच्या हातात पडली, तर मृगाच्या आत आमिषाला, धीर धरायला आणि दार पाडायला पुरेसा वेळ मिळतो.