गुरुग्रामच्या अरवलीतील पायवाटा

अरवली पर्वतरांग गुजरातपासून राजस्थान आणि हरियाणा ओलांडून दिल्लीपर्यंत सुमारे ६७० किलोमीटर पसरलेली आहे. अबूजवळचे १,७२२ मीटर उंचीचे गुरुशिखर हे तिचे सर्वोच्च टोक. उत्तरेकडे येता येता ती ठेंगणी होते, मधूनमधून तुटते, आणि गुरुग्राम, फरिदाबाद व दक्षिण दिल्लीत तिच्या नुसत्या बुटक्या धारा उरतात. या धारांची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर आहे. भोवतालच्या मैदानापासून मोजली तर ती बहुतेक ठिकाणी १०० मीटरही भरत नाही. त्यामुळे सह्याद्रीतल्या घाटवाटांसारखी दमछाक इथे होत नाही. इथल्या वाटा सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परतता येईल अशा, सोप्या किंवा मध्यम आहेत. नोकरीनिमित्त गुरुग्राममध्ये स्थिरावलेल्या मराठी घरांपासून त्यांतल्या बऱ्याच वाटा तासाभराच्या अंतरावर आहेत.

सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, तर अरवलीचा इथला खडक, क्वार्ट्झाइट, शंभर कोटी वर्षांहून जुना. तो अतिशय कठीण, फिकट गुलाबी ते करडा असतो आणि फुटला की त्याला धारदार कडा येतात. मधूनमधून अभ्रकाचे पापुद्रे उन्हात चमकतात. हाच खडक झिजून जी जाडसर तांबडी वाळू तयार होते, तिला दिल्लीचे गवंडी ‘बदरपूर’ म्हणतात. दिल्ली आणि गुरुग्रामच्या इमारतींसाठी ही वाळू आणि खडी याच डोंगरांतून उपसली गेली. आज ज्या वाटांवरून चालायचे, त्यांतल्या कित्येक पूर्वी खाणींचे ट्रक जाण्याचे रस्ते होते.

इथे चालणाऱ्याने दोन झाडे आधी ओळखायला शिकावीत. एक विलायती कीकर, म्हणजे महाराष्ट्रात जिला वेडी बाभूळ म्हणतात ती. मूळची अमेरिका खंडातली ही काटेरी जात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीच्या टेकड्यांवर लावली गेली आणि तिने बघता बघता सगळा उजाड भाग व्यापला. दुसरे झाड धौ, आपल्याकडच्या धावड्याचा सख्खा भाऊ. त्याच्या बारीक फांद्या खाली झुकलेल्या असतात, पाने लहान, आणि हिवाळ्यात गळण्यापूर्वी ती तांबूस होतात. शेळ्यांनी वारंवार खाल्ले तर धौ मरत नाही, जमिनीसरशी चटईसारखा पसरतो आणि चराई थांबली की पुन्हा उभा राहतो. वेड्या बाभळीचे रानही दुरून हिरवेगार दिसते, पण अरवलीचे मूळचे जंगल पाहायचे तर धौ शोधावा लागतो.

हंगामाचे गणित महाराष्ट्रापेक्षा वेगळे आहे. पाऊस जुलै ते सप्टेंबर एवढाच आणि तोही बेताचा. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत डोंगर हिरवे असतात. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत दिल्ली परिसराची हवा अनेकदा इतकी बिघडते की लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना घेऊन चालायला जाऊ नये. निघण्यापूर्वी हवेचा निर्देशांक पाहणे ही इथली पहिली तयारी. फेब्रुवारी-मार्च हा सर्वांत चांगला काळ: थंडी ओसरलेली, झाडोरा विरळ झाल्याने पक्षी सहज दिसणारे आणि पळस फुललेला. एप्रिलच्या मध्यापासून पारा चाळिशीपार जातो, मग पहाटेखेरीज वाट धरण्यात अर्थ नाही.

सुरुवात अरवली जैवविविधता उद्यानापासून करावी. मेट्रोच्या पिवळ्या मार्गावरील गुरु द्रोणाचार्य स्थानकापासून ते अगदी जवळ आहे. सुमारे ३८० एकरांचा हा भाग म्हणजे पूर्वीची दगडखाण. २०१० पासून ‘आयअॅमगुडगाव’ या नागरिकांच्या संस्थेने महापालिकेच्या साथीने इथे मूळच्या जंगलाची पुनर्लागवड सुरू केली. या कामाची आखणी विजय धस्माना यांची. शोभेची झाडे लावून बाग करणे सोपे होते, तो मार्ग त्यांनी घेतला नाही. अरवलीत जिथे जुने रान शिल्लक आहे तिथून बिया गोळा केल्या, रोपवाटिका उभारली, आणि कुठल्या उतारावर कुठले झाड मुळात वाढत असेल याचा विचार करून रोपे लावली. खडकाळ उतारांवर धौ, सालई आणि कांडोळ. सखल भागात पळस, हिवर, हिंगणबेट. ही सगळी नावे विदर्भ-मराठवाड्याच्या रानात वावरलेल्या माणसाला ओळखीची आहेत. कांडोळाचे पांढुरके, कागदासारखी साल सुटणारे खोड तर लांबूनही चुकत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये, अधिकृत अभयारण्याबाहेर राहूनही जैवविविधता जपणारे देशातील पहिले क्षेत्र म्हणून या उद्यानाची नोंद झाली. खाणीच्या जागी जंगल उभे राहू शकते याचा इतका जवळून पाहता येणारा पुरावा देशात फार थोड्या ठिकाणी आहे. इथल्या वाटा मातीच्या, रुंद आणि हलक्या चढउतारांच्या आहेत. आजीआजोबा आणि नातवंडे एकत्र चालू शकतात. जुन्या खाणीचे कापलेले कडे वाटेवरूनच दिसतात, त्यांच्या काठाशी मात्र मुलांना सोडू नये.

याच संस्थेने सावरलेली दुसरी सोपी वाट शहराच्या पोटातून जाते. अरवलीवर पडलेले पावसाचे पाणी पूर्वी गुरुग्रामच्या शेतांतून नजफगढच्या झिलीकडे वाहत जाई. १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांकडून हा मुलूख इंग्रजांकडे गेला. पुढे त्यांच्या अमदानीत हे पाणी अडवून जमिनीत मुरवण्यासाठी मातीचे बांध घातले गेले. त्यांपैकी चक्करपूर ते वजिराबाद हा सुमारे ५ किलोमीटरचा बांध कचरा आणि राडारोड्याखाली गेला होता. तो साफ करून देशी झाडे लावली आणि वर पायवाट केली. मध्ये वाहते रस्ते आडवे येतात, तरी दोन्ही बाजूंना उंच इमारती असताना झाडीतून सलग चालता येईल अशी दुसरी जागा या शहरात नाही.

पाणथळ पाहायची तर फर्रुखनगर रस्त्यावरचे सुलतानपूर राष्ट्रीय उद्यान. डोंगर इथे संपलेला, चढ एकही नाही. तळ्याभोवती फिरणारी सपाट वाट आणि मधे निरीक्षण मनोरे. पक्षीनिरीक्षक पीटर जॅक्सन यांनी इंदिरा गांधींकडे धरलेल्या आग्रहातून १९७१ मध्ये हे अभयारण्य झाले, १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०२१ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. क्षेत्र जेमतेम दीड चौरस किलोमीटर. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, वर्षभर दिसू शकणारी सारसाची जोडी आणि पावसाळ्याच्या अखेरीपासून तळ्यातल्या बाभळींवर घरटी करणारे रंगीत करकोचे ही इथली मुख्य आकर्षणे. मंगळवारी उद्यान बंद असते. विणीच्या काळात, म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांतही, ते पर्यटकांसाठी बंद ठेवतात.

मध्यम वाटांचा विचार करताना मांगरबनी पहिली. गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यावरून मांगर गावाकडे वळले की ही दरी लागते. कारभाराच्या दृष्टीने ती फरिदाबाद जिल्ह्यात येते. मांगर, बंधवाडी आणि बलियावास या गावांच्या गुर्जर वस्तीने गुदरिया दास बाबांच्या श्रद्धेपोटी हे रान पिढ्यान्‌पिढ्या राखले. इथली फांदी तोडायची नाही, गुरे चारायची नाहीत, हा नियम. सह्याद्रीतल्या देवरायांशी त्याचे नाते उघड आहे. रस्त्यालगतच्या वेड्या बाभळीतून वाट पुढे सरकते आणि धारेवर येताच खाली दरीभर धौ दिसू लागतो, एकाच जातीचा, दाट. दिल्ली परिसरात एवढे धौवन दुसरीकडे उरलेले नाही. उतरण दगडगोट्यांची आहे. परतीचा चढ गुडघ्यांपेक्षा तळपायाला अधिक जाणवतो.

हे रान वाचले ते केवळ श्रद्धेवर नाही. गावाची ही सामाईक जमीन खासगी नावांवर वाटली गेली आणि बाहेरच्यांनी विकत घेतली. महसुली दप्तरात अशा जमिनीची नोंद ‘गैर मुमकिन पहाड’, म्हणजे लागवडीस अयोग्य डोंगर. हे जंगल आहे की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. ७ मे १९९२ च्या केंद्राच्या अधिसूचनेने तत्कालीन गुडगाव आणि अलवर जिल्ह्यांतील अरवलीत परवानगीशिवाय खाणकाम व बांधकामाला मज्जाव केला. मे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फरिदाबाद, गुडगाव आणि मेवातच्या अरवलीतले खाणकाम थांबवले. २०१६ मध्ये हरियाणा सरकारने मांगरबनीचे ६७७ एकर आणि भोवतीचा पट्टा बांधकाममुक्त ठरवला. २०२१ मध्ये मांगरच्या खडकांवर प्रागैतिहासिक चित्रे असल्याचे राज्याच्या पुरातत्त्व विभागाने जाहीर केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र शंभर मीटर उठाव असेल तीच अरवली, ही व्याख्या न्यायालयाने स्वीकारली आणि गुरुग्रामचे बहुतेक डोंगर त्या मोजपट्टीत बसेनात. लोकांनी आवाज उठवल्यावर डिसेंबरअखेरीस न्यायालयानेच त्या आदेशाला स्थगिती दिली. इथे चालायला जाणाऱ्याने गावकऱ्यांना विचारून, शक्यतो स्थानिक वाटाड्या घेऊन जावे. या रानात शिरताना काठीसाठीही फांदी मोडू नये.

दक्षिणेला सोहना रस्त्यावर भोंडसी लागते. १९८३ मध्ये कन्याकुमारीहून दिल्लीच्या राजघाटापर्यंत पायी चालत आलेल्या, पुढे पंतप्रधान झालेल्या चंद्रशेखर यांनी आपले भारत यात्रा केंद्र इथल्याच डोंगरात उभारले होते. याच परिसरातली गैरतपूर बास आणि सकतपूर गावांदरम्यानची वाट ‘लेपर्ड ट्रेल’ म्हणून धावपटू व सायकलस्वारांत प्रसिद्ध आहे. सुटीच्या दिवशी तिथे गर्दी होते. दमदमा तलाव सोहन्याजवळ. पावसाचे पाणी अडवण्यासाठी १९४७ मध्ये घातलेल्या बांधामुळे डोंगराच्या खोलगटीत तो साठतो. काठाने चालणे सोपे, मागच्या धारेवर चढणे मध्यम. पाऊस कमी झाला की तलाव आटतो, म्हणून तो सप्टेंबर-ऑक्टोबरात पाहावा. परतताना सोहना गावात गंधकयुक्त उष्ण झऱ्याचे शिवकुंड आहे.

दिल्लीच्या हद्दीतले असोला-भट्टी अभयारण्य ३२ चौरस किलोमीटरहून मोठे आहे. भट्टीच्या बदरपूर खाणी बंद पडल्यावर त्यांच्या खड्ड्यांत पाणी साठून तळी झाली, त्यांतले नीली झील सर्वांत परिचित. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र याच अभयारण्यात आहे. फुलपाखरे आणि पक्ष्यांची ओळख करून देणाऱ्या त्यांच्या फेऱ्या नवख्यांसाठी उत्तम. ज्यांना चढण्याची हौस आहे त्यांनी फरिदाबादकडचे धौज गाठावे. तिथल्या क्वार्ट्झाइटच्या भिंतींवर दिल्लीचे गिर्यारोहक अनेक वर्षे सराव करतात.

या सगळ्या रानांत बिबट्या, तरस, कोल्हा आणि नीलगाय आहेत. बिबट्या माणसाला टाळतो, तरी उद्यानांबाहेरच्या वाटांवर एकट्याने जाऊ नये आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडावे. पाणी प्रत्येकी दोन लिटर न्यावे, कारण धारेवर झरे नाहीत. सुट्या खडीवर घसरणार नाहीत असे जाड तळव्याचे बूट आणि काट्यांसाठी पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. खाणींच्या तळ्यांचे काठ सरळ तुटलेले आणि पाणी एकदम खोल असते. पोहण्यासाठी त्यांत उतरलेली मुले बुडाल्याच्या घटना वारंवार घडतात, तेव्हा नीली झीलसारख्या कुठल्याही खाणतळ्यात पाय घालू नये.