न्हाणीचा कोपरा आणि धुण्याचे सामान

भगिनींनो, हा मजकूर वाचण्याआधी एकदा उठून आपल्या न्हाणीचा कोपरा पाहून या.

बहुतेक घरी दिसते ते असे. दगडाच्या कडेला ओल्यात बसून लगदा झालेली साबणाची वडी. तोंड उघडे राहिल्यामुळे आत गोळे झालेली पावडरची पिशवी. गंजक्या डब्यात सोडा. आडवी पडलेली निळीची बाटली. फरशी घासायचे ॲसिड सरबताच्या जुन्या बाटलीत. खुंटीवर घरधन्याचा फवारणीचा सदरा आणि बरोबर त्याच्याखाली पोरांच्या शाळेच्या कपड्यांची बादली.

पूर्वी धुणे नदीवर किंवा ओढ्यावर जाई. साबणाचा तुकडा पाटीत टाकला की काम भागे. आता दारात नळ आला, धुणे न्हाणीत आले आणि त्यामागून डबे-बाटल्याही आल्या. जागा मात्र चार हात लांब, तीन हात रुंद, तेवढीच राहिली. जागा वाढवणे आपल्या हाती नसेल, पण कोणती वस्तू कुठे ठेवायची हे आपल्याच हाती आहे. त्यात साबणाची बचत आहे आणि, खरे सांगायचे तर, घरातल्या माणसांचा जीवही आहे.

आधी सगळे बाहेर काढा

एखाद्या दुपारी न्हाणी पूर्ण रिकामी करा आणि अंगणात तीन ढीग घाला. पहिल्यात रोज लागणारे: साबण, ब्रश, धोपटणे. दुसऱ्यात अधूनमधून लागणारे: सोडा, नीळ, रिठे, चिमटे. तिसऱ्यात धोक्याचे: ब्लिचिंग पावडर, ॲसिड, कॉस्टिक. फुटके डबे आणि ज्यात काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही अशा बाटल्या परत आत नेऊ नका.

आता एकच नियम ध्यानात ठेवा. ओले खाली, कोरडे वर, धोक्याचे कडीत.

फळीला पैसा लागत नाही

टोमॅटोचा जुना प्लास्टिकचा क्रेट भिंतीला आडवा बसवला की उत्तम फडताळ तयार होते. त्याच्या भोकांतून पाणी निथळते आणि ते गंजतही नाही. लोखंडी पत्रा किंवा खिळा मात्र न्हाणीत नको. गंजाचा डाग कपड्याला लागला की सहसा निघत नाही. खुंट्या लाकडाच्या करा. धोपटणे आणि ब्रश दोरीने टांगले की जमीन मोकळी राहते आणि ब्रशचे केसही कुजत नाहीत.

क्रेट कमरेच्या उंचीवर लावा. धुणे धुताना बसल्या जागेवरून त्याच्यापर्यंत हात पोचला पाहिजे. मात्र पाण्याचे शिंतोडे त्यावर उडता कामा नयेत.

साबण का संपतो?

साबण कपड्यांना लागतो त्याहून जास्त पाण्यात विरघळून जातो. लांब वडी आणली की दोऱ्याने कापून तिचे तुकडे करा आणि आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्या. वाळलेला साबण कमी झिजतो. वापरात एका वेळी एकच तुकडा काढा आणि तो भोके पाडलेल्या करवंटीत ठेवा. उरलेले तुकडे घरातल्या कोरड्या डब्यात राहू द्या.

आपल्याकडे पुष्कळ विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड असते. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि कपड्यावर पांढरट चिकटा बसतो. तेव्हा आपण आणखी साबण घासतो. त्याऐवजी आधी बादलीभर पाण्यात थोडा धुण्याचा सोडा विरघळू द्या आणि मगच साबण लावा. सोड्याने पाणी मऊ होते. सोड्याला घट्ट झाकणाची प्लास्टिकची बरणी द्या. लोकरी आणि रेशमी कपड्यांना मात्र सोडा लावू नका.

नीळ कपड्यावर थेट पडली की डाग पडतात. ती वेगळ्या भांड्यात विरघळवून, गाळून मग पाण्यात घाला. बाटली उभीच राहावी म्हणून ती रिकाम्या डब्यात ठेवा.

कडीतले सामान

ब्लिचिंग पावडर, ॲसिड आणि कॉस्टिक या तीन वस्तू मुलांच्या हाताला लागता कामा नयेत. डोक्याच्या वर, दाराच्या आणि कडीच्या लहान पेटीत त्या ठेवा. त्या सरबताच्या, तेलाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीच ओतू नका. खेळून तहानलेले पोर बाटलीचा आकार पाहते, चिठ्ठी वाचत नाही.

ब्लिचिंग पावडर ओल, हवा आणि उजेड यांनी निकामी होते आणि पत्र्याचा डबा खाते. तिला झाकणाची प्लास्टिकची बरणी द्या. ती आणि ॲसिड एकाच वेळी कधीही वापरू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो घसा व फुप्फुसे जाळतो. लहान, बंद न्हाणीत पळायलाही वाव मिळत नाही. म्हणून पेटीतसुद्धा त्यांच्यामध्ये फळी घाला.

फवारणीचे कपडे

हा भाग घरातल्या पुरुषमंडळींनीही वाचावा. आपण ज्याला 'औषध' म्हणतो ते किडीचे विष आहे. ते श्वासातून जाते, तसेच कातडीतूनही शरीरात शिरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. फवारणारा संध्याकाळी घरी येतो, तेव्हा ते विष कपड्यांवर बसून घरात येते. ते कपडे हाताने चोळणारी बहुधा घरातली बाई असते.

म्हणून फवारणीचा सदरा आणि पायजमा न्हाणीत येऊच नये. घराबाहेर, गोठ्यापासून दूर एक खुंटी आणि एक रंगीत बादली फक्त त्याच कपड्यांसाठी राखा. त्या बादलीत दुसरे काही भिजवू नका. कपडे त्याच दिवशी धुवा. हातात रबरी मोजे घाला. आधी साध्या पाण्यात नुसते बुचकळून पिळा. मग गरम पाण्यात पावडर घालून दोनदा धुवा आणि कडक उन्हात वेगळ्या दोरीवर वाळत घाला. ते पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नका. कपड्यावर पाणी न मिसळलेले औषध सांडले असेल, तर तो कपडा धुण्याच्या भानगडीत पडू नका, टाकूनच द्या. आणि औषधाचा रिकामा डबा कितीही मजबूत दिसला, तरी त्यात साबण, सोडा किंवा पाणी भरू नका. तो फोडून निकामी करा.

चुकून काही झालेच तर

डोळ्यात सोडा किंवा ॲसिड गेले तर लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा. ॲसिड किंवा कॉस्टिक पोटात गेले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. वर येताना ते अन्ननलिका पुन्हा भाजते. तोंड धुवा आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवा. फवारणीनंतर कुणाला घाम, मळमळ, अंधारी किंवा दम लागला, तर कपडे उतरवून साबणाने अंग धुवा आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्या. डॉक्टरांना उपचार ठरवायला ती लागते.

या साऱ्याला एक क्रेट, एक कडीची पेटी, एक जास्तीची बादली आणि एक दुपार पुरते. पहिले काही दिवस घरातली मंडळी जुन्या जागी वस्तू टाकतील. त्यांच्यावर रागावू नका, पण त्यांचा हात धरून नवी जागा दाखवा. पोरांना एवढेच शिकवा की त्या पेटीची कडी मोठ्या माणसांनीच काढायची.

येत्या रविवारी फवारणीची खुंटी न्हाणीबाहेर नेऊन सुरुवात करा. बाकीचे सावकाश झाले तरी चालेल.