यादीत नाव आहे, तरी घर नाही : करेन लोकांची गोष्ट

बर्मा म्हटलं की आपल्या घरांत दोनच गोष्टी आठवतात, रंगूनमधली बहादूरशाह जफर यांची मजार आणि रोहिंग्यांची हिजरत. रोहिंग्यांचं दुखणं आपण सगळे जाणतो. 1982 च्या नागरिकत्व कायद्याने ज्या कौमी देशाच्या मूळच्या मानल्या, त्यांत रोहिंग्या नाहीत. मग ज्यांचं नाव त्यात आहे ते तरी सुखात असतील, असं आम्हाला वाटायचं. करेन लोकांबद्दल वाचलं आणि तो समज गेला.

करेन त्या कायद्यात नावानिशी आहेत. फा-आन राजधानी असलेलं त्यांच्या नावाचं राज्यही आहे. तरीही 1949 पासून सरकारी फौजेशी त्यांची लढाई सुरू आहे. मध्येच युद्धबंदी होते, पुन्हा गोळ्या चालतात.

थायलंडच्या हद्दीलगतचे डोंगर, सालवीन नदीचं खोरं आणि इरावतीच्या मुखाकडची भातशेती, असा यांचा मुलूख. 'करेन' हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. स्गॉ भाषा बोलणारे स्वतःला जे म्हणतात त्याचा अर्थ नुसता 'माणूस' असा होतो. दुसरी मोठी भाषा प्वो. स्गॉवाल्याला ती सहज कळत नाही. मग हे सगळे एक कसे झाले? 1830 च्या दशकात अमेरिकन बाप्टिस्ट पाद्र्यांनी बर्मी अक्षरांवरून स्गॉला लिपी करून दिली, शाळा काढल्या. त्या शाळांत शिकलेल्यांनी पुढे 1881 मध्ये करेन नॅशनल असोसिएशन उभी केली. (आम्ही शिक्षक, त्यामुळे हे जरा अभिमानानेच सांगतो.)

यातूनच एक गैरसमज पसरला की करेन म्हणजे ख्रिश्चन. प्रत्यक्षात बहुतेक करेन बौद्ध आहेत, काही जुन्या निसर्गपूजेला धरून आहेत आणि थोडे मुसलमानही आहेत. 'तुम्ही मुसलमान, मग मराठी एवढी चांगली कशी?' हा प्रश्न ज्यांनी ऐकलाय, त्यांना यातलं दुखणं वेगळं समजवायला नको.

इंग्रजांनी करेनांना फौजेत भरलं. महायुद्धात ते जपान्यांविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने लढले, त्याची किंमत 1942 मध्ये इरावतीच्या मुखाकडच्या गावांनी कत्तलीत मोजली. 1946 मध्ये त्यांचे पुढारी वेगळ्या देशाची मागणी घेऊन लंडनला गेले, रिकाम्या हाताने परतले. साहेब निघून गेला, शेजाऱ्यांच्या मनातला संशय तेवढा राहिला. 1947 मध्ये करेन नॅशनल युनियन स्थापन झाली आणि जानेवारी 1949 मध्ये रंगूनजवळ इन्सीनला लढाईला तोंड फुटलं.

मजहबाने घरातही फूट पाडली. युनियनचे वरचे नेते बहुतेक ख्रिश्चन, तर शिपाई बरेचसे बौद्ध. डिसेंबर 1994 मध्ये नाराज बौद्ध सैनिकांनी वेगळी फौज काढली आणि सरकारशी हात मिळवला. पुढच्याच महिन्यात युनियनचं मुख्य ठाणं, मानेरप्लॉ, पडलं.

थायलंडमधली मे ला छावणी 1984 पासून आहे. तिथे विहार आहेत, चर्च आहेत, मशिदीही आहेत. तिथेच जन्मलेल्या मुलांना आता स्वतःची मुलं झाली. 2005 नंतर हजारो कुटुंबं अमेरिकेला गेली, तिथे फॉर्मवर आडनाव विचारलं गेलं. करेनांत आडनाव नसतंच. पुरुषाच्या नावाआधी 'सॉ' आणि बाईच्या नावाआधी 'नॉ' लावतात, आपल्याकडच्या 'श्री' आणि 'श्रीमती'सारखं. कित्येकांच्या कागदावर तेच पहिलं नाव म्हणून चढलं.