डिंकाचा सारखा थर

डिंक-बायक्रोमेट छपाईत डिंकाचे पाणी, जलरंग आणि पोटॅशियम डायक्रोमेट यांचे मिश्रण कागदावर लावतात. निगेटिव्हमधून ऊन पोचते तिथला डिंक घट्ट होऊन रंग धरून ठेवतो. बाकीचा साध्या पाण्यात सुटतो. या तंत्राचा पाया अल्फोन्स प्वातव्हँ यांनी १८५५ मध्ये फ्रान्समध्ये घातला.

थर कमीजास्त झाला, की चित्रात पट्टे उठतात. म्हणून कागदाला आधी जिलेटिनची खळ देतात. मग रुंद, मऊ ब्रशने मिश्रण उभे-आडवे झपाट्याने पसरतात. थर चिकटसर होऊ लागला, की दुसरा कोरडा ब्रश जेमतेम टेकवत फिरवून रेघा मोडतात. ओली चकाकी जाताच हात थांबवायचा; त्यापुढे थर उचकटतो.

बाकीचे काम हवा ठरवते. माण, आटपाडी, जतच्या कोरड्या उन्हाळ्यात थर पाहता पाहता सुकतो. तिथे कागद लहान घ्यावा. महाबळेश्वर, पाटणच्या पावसाळ्यात तो रेंगाळतो, शिवाय दमट हवेत सुकलेला कागद अंधारातही लवकर निकामी होतो. तो त्याच दिवशी वापरावा.

डायक्रोमेट विषारी असून त्याने कर्करोग होऊ शकतो. हातमोजे घालावेत आणि उरलेले द्रावण मोरीत कधीही ओतू नये.