एकही एकत्र प्रवेश नसलेली प्रेमकथा

प्रेम आणि आडकाठी : लेखांक सहावा

गेल्या दोन लेखांकांतले अडथळे डोळ्यांना दिसणारे होते. हीरो आणि लिअँडर यांच्यामध्ये हेलेस्पाँटची सामुद्रधुनी होती, पिरॅमस आणि थिझ्बी यांच्या घरांमध्ये सामाईक भिंत होती. आजच्या कथेत मध्ये उभा आहे तो मुलाचा बाप, आणि तोच नगरीचा राजाही आहे. नाटक सोफोक्लीजचं ‘अँटिगनी’, काळ इ. स. पूर्व ४४१च्या सुमाराचा.

कथानक बहुतेकांना माहीत असेल. थीब्जचा राजा ईडिपस याचे दोन मुलगे गादीसाठी लढले आणि एकमेकांच्या हातून मेले. मामा क्रेऑन राजा झाला. नगरीच्या बाजूने लढलेल्या इटिओक्लीजचे अंत्यसंस्कार थाटात झाले. नगरीवर चालून आलेल्या पॉलिनायकीसचं प्रेत उघड्यावर कुत्र्या-गिधाडांसाठी टाकायचा हुकूम निघाला. त्यांची बहीण अँटिगनी हिने तो हुकूम मोडून भावाच्या देहावर माती घातली, ती पकडली गेली आणि तिला मृत्युदंड झाला. क्रेऑनचा धाकटा मुलगा हेमॉन हा तिचा मामेभाऊ. दोघांचं लग्न ठरलेलं आहे.

आणि तरीही संपूर्ण नाटकात या दोघांचा एकत्र असा एकही प्रवेश नाही. ती दोघं एकमेकांशी एक वाक्यही बोलत नाहीत. ग्रीक रंगभूमीवर बोलणारे नट तीनच असत, मुखवटे बदलून तेच सगळ्या भूमिका करत. त्यामुळे अँटिगनी आणि हेमॉन या दोन्ही भूमिका एकच नट करत असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. पण तेवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. सोफोक्लीजला त्यांची भेट घडवायचीच असती, तर तीन नटांत ती सहज बसली असती. त्याने ती घडवली नाही.

हेमॉनचं नाव नाटकात प्रथम निघतं ते इस्मिनीमुळे. अँटिगनीची ही बहीण क्रेऑनला विचारते की पोटच्या मुलाच्या नवरीला तुम्ही मारणार का? क्रेऑन उत्तर देतो, त्याचा आशय असा की नांगरायला दुसरी शेतं पुष्कळ आहेत. आपल्याला हे नुसतं ओंगळ वाटतं. अथेन्सच्या प्रेक्षकाला त्यात आणखी काही ऐकू आलं असणार. तिथे वाङ्‌निश्चयाच्या वेळी मुलीचा बाप औरस संततीच्या पेरणीसाठी ही मुलगी देतो, अशा अर्थाचं ठरीव वाक्य म्हणत असे. मिनँडरच्या नाटकांत ते सापडतं. लग्नविधीतल्या त्याच कल्पनेने क्रेऑन हे लग्न मोडतो.

याच संवादात आणखी एक ओळ आहे. लाडक्या हेमॉनचा त्याचा बापच कसा अपमान करतो आहे, असा तिचा आशय. हस्तलिखितांत ती इस्मिनीच्या तोंडी आहे. १५०२ साली व्हेनिसच्या आल्डस मनुशियसच्या छापखान्यातून सोफोक्लीजची नाटकं बाहेर पडली, तेव्हा ती ओळ अँटिगनीला दिली गेली आणि पुढे अनेक संपादकांनी तेच केलं. त्यांची तळमळ मला समजते. ही एक ओळ काढून घेतली, तर अँटिगनीच्या तोंडी हेमॉनचं नाव नाटकभर येतच नाही. तरी माझं मत हस्तलिखितांच्या बाजूने आहे. अँटिगनीचं सगळं मन मेलेल्या भावाकडे लागलेलं आहे. मरायला निघताना ती लग्न झालं नाही, मूल झालं नाही म्हणून आक्रोश करते, पण तेव्हाही वराचं नाव घेत नाही. या प्रेमातला हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि संपादकांनी तो सोपा करू नये.

हेमॉन येतो तो बापाशी बोलायला. सुरुवात आज्ञाधारक मुलाची. क्रेऑन त्याला शिस्तीवर लांबलचक व्याख्यान देतो आणि हेमॉन ते ऐकून घेतो. मग तो बोलू लागतो, आणि त्या संबंध भाषणात आपलं तिच्यावर प्रेम आहे असं एकदाही म्हणत नाही. तो बोलतो नगरीबद्दल. तुमचा चेहरा पाहून सामान्य माणूस गप्प बसतो, पण अंधारात लोक काय कुजबुजतात ते मला ऐकू येतं. सारी नगरी या मुलीसाठी हळहळते आहे. पुरात वाकणारी झाडं फांद्यांसकट वाचतात, ताठ राहणारी मुळासकट जातात; शिडाचा दोर सैल न करणारा खलाशी नाव उलटी करून बसतो. मग दोघांची एकेका ओळीची चकमक सुरू होते. राज्य कुणाचं, एकट्या राजाचं की लोकांचं, इथपर्यंत ती जाते. क्रेऑन मुलाला बायकांचा गुलाम म्हणतो आणि अँटिगनीला आणून त्याच्या डोळ्यांदेखत मारायची भाषा करतो. हेमॉन निघून जातो. क्रेऑन अँटिगनीला गुहेत जिवंत कोंडायचा हुकूम देतो, आणि लगेच वृद्धांचं वृंद एरॉस या प्रेमदेवतेला उद्देशून गाऊ लागतं. मुलाने न उच्चारलेलं ते असं वृंदाच्या तोंडून बाहेर येतं.

आपल्या ‘शाकुंतला’शी हे ताडून पाहण्यासारखं आहे. महाभारतातल्या कथेत शापही नाही आणि अंगठीही नाही. कालिदासाने ती घातली आणि दुष्यंताला दोषमुक्त केलं. सोफोक्लीज क्रेऑनला अशी कुठलीही सवलत देत नाही. अंध द्रष्टा टायरेसियस धोक्याची सूचना देतो तेव्हा क्रेऑन घाबरतो. वृंदाचा सल्ला स्पष्ट असतो : आधी मुलीला गुहेतून सोडव, मग प्रेताला मूठमाती दे. क्रेऑन क्रम उलटा करतो. आधी पॉलिनायकीसचा देह धुतला जातो, जाळला जातो, त्यावर मातीचा उंचवटा रचला जातो. मग मंडळी गुहेकडे वळतात. तोवर अँटिगनीने तलम वस्त्राचा फास लावून घेतलेला असतो आणि हेमॉन तिच्या कमरेला मिठी मारून रडत असतो. तो बापाच्या तोंडावर थुंकतो, तलवार उपसतो, वार हुकतो, आणि तीच तलवार तो स्वतःच्या कुशीत खुपसतो. हेही आपल्याला दिसत नाही. दूत येऊन सांगतो. म्हणजे दोघांची एकमेव भेट रंगमंचाबाहेर होते, आणि तीसुद्धा ती मेल्यावर.

ॲरिस्टॉटलला हेमॉनचा हा हुकलेला वार आवडला नव्हता. जाणूनबुजून मारायला निघायचं आणि मारायचं नाही, हा त्याच्या मते सर्वांत हिणकस प्रकार, कारण त्यातून शोक निर्माण होत नाही. मला हे पटत नाही. शोक पुढच्याच क्षणी येतो, आणि बापाला तो जिवंतपणी भोगावा लागतो.

हे सारं असंच व्हायला हवं होतं असंही नव्हे. एका जुन्या महाकाव्यात स्फिंक्सने हेमॉनला आधीच मारून टाकलं होतं. युरिपिडीजनेही एक ‘अँटिगनी’ लिहिली होती; ते नाटक आज उपलब्ध नाही, पण त्यात दोघांचं लग्न होऊन त्यांना मुलगा झाला होता, असं प्राचीन टिपणांवरून कळतं. सोफोक्लीजने यातलं काही न घेता बाप आणि मुलगा यांना समोरासमोर उभं केलं. ग्रीक रंगभूमीवरचा सर्वांत मोठा प्रेमाचा प्रवेश माझ्या मते हाच, जरी प्रेयसी त्यात नसली तरी.

पुढच्या आठवड्यात मिनँडरचं ‘डिस्कोलॉस’ : इ. स. पूर्व ३१६चं सुखान्त नाटक, १९५८ साली पपायरसवरून प्रसिद्ध झालेलं. तिथेही आडवा येणारा बापच आहे, पण मुलीचा. तोवर हेमॉन आणि क्रेऑन यांचा प्रवेश मिळेल त्या अनुवादात दोघांनी मिळून मोठ्याने वाचा.